गेलेल्यांचं फोल्डर

पिंपळगाव राजात शालिग्रामचा फोटो स्टुडिओ आहे. गावातल्या माणसाचे दोन फोटो त्याच्याकडे हमखास निघतात, एक बाशिंगातला आणि एक हारातला. हारातले तो लग्नांजवळ ठेवत नसे. नवरीकडचे लोक अल्बम निवडायला बसावेत आणि मध्येच कुणाचा मेलेला आजा समोर यावा, हे बरं नव्हे. म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यानं खामगावच्या मेकॅनिककडून गेलेल्यांचं फोल्डर लपवून घेतलं. स्क्रीनवर 'गेलेले' लिहिलेलं एक चित्र होतं, त्यावर टिचकी मारली की ते उघडायचं. त्याचं खरं नाव काय, हे शालिग्रामनं कधी विचारलंच नाही.

परवा कॉम्प्युटर बसला. मेकॅनिकनं नवी डिस्क टाकली, आठ दिवसांपूर्वीचा बॅकअप परत भरून दिला. लग्नं आली, बारशी आली. 'गेलेले' मात्र आलं नाही. उलट पाच-सहा धुरकट फोल्डर उगवले, सगळ्यांची नावं इंग्रजी, काहींपुढं डॉलरची खूण.

आणि समोर बाकावर हिंमतराव. त्यांची आई सरस्वतीबाई गेली, तिची तेरवी उद्या. म्हातारीनं जन्मात एकच फोटो काढू दिला होता, तोही इथंच; ती गेली त्या दिवशी शालिग्रामनं तो 'गेलेले'त टाकला होता.

"काऊन बे, सापडून नाही राह्यला का?"

"दम धरा ना भाऊ जरा."

"दोन घंटे झाले दमून राह्यलो. हे धुरकट काय हाये?"

"कचरा. वायरस असन."

"मंग झाड ना!"

शालिग्रामनं पहिलं फोल्डर पुसलं. कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही.

"माह्याच दुकानात मलेच परवानगी नाही!"

दुसरं पुसलं. ते गाजरगवतासारखं घडीभरात पुन्हा उगवलं. शालिग्राम आता हट्टाला पेटला. माउसचा बाण त्यानं तिसऱ्यावर नेला, बोट पुसायच्या बटणावर ठेवलं. तेवढ्यात बाणाखाली बारीक चिठ्ठी उघडली. आत काय आहे ते त्यात लिहिलेलं. 'आबा भजनी'. 'काशीबाई मोठं कुंकू'. 'रामभाऊ पाटकरी'.

फोटोंना ही नावं त्यानंच दिलेली होती. माणसाला असं नाव दुसरं कोण देणार? त्यानं बोट विस्तवावरून उचलावं तसं उचललं.

"काय झालं बे?"

"भाऊ, म्या आत्ता अर्धं गाव पुसत होतो."

धुरकट म्हणजे लपवलेलं, मेकॅनिकनं ते दिसतं ठेवलं होतं, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. त्यानं फोल्डर उघडलं. सरस्वतीबाई होती, डोक्यावर पदर, कपाळाला आठी. शालिग्रामनं सेटिंगमध्ये जाऊन सिस्टिमचे फोल्डर पुन्हा झाकले. मग आपल्या फोल्डरवरची लपवायची खूण काढली. धुरकट होतं ते ठळक झालं आणि सरळ लग्नांच्या रांगेत जाऊन बसलं.

"लग्नायच्या शेजारी? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू द्या. लपवलं म्याच, अन् हुडकताना जीव बी माह्याच गेला."

हिंमतराव उठून स्क्रीनजवळ आले. मग म्हणाले, "माय चिडलेलीच दिसून राह्यली."

"दोन घंटे बसवलं ना तिले," शालिग्राम म्हणाला आणि फ्रेम काढायला उठला.