राखणदाराच्या हाताची भेग

कुणी भुताखेताचं बोलायला लागला की मी भांडी घासायला उठून जायची. असल्या गोष्टींवर माझा इश्वास नव्हता. आता काय म्हणू, कळत नाय. मी बोलतेय, सून मोबाईलवर लिहितेय.

भाट्याच्या पुलापलीकडे आमचं घर. आमचे हे पाथरवट. मागच्या शिमग्यानंतर त्यांना लकवा झाला... उजवा हात नुसता लोंबायचा, चिमटा काढला तरी कळायचं नाय. डॉक्टरनी दाबायला रबराचा बॉल दिला. ह्यांनी तो कोंबड्यांच्या अंगावर फेकला. म्हणाले, "छिन्नी दे गो."

गावच्या शिवेवरच्या राखणदार देवाची मूर्ती करायचं आधीच कबूल केलेलं. काळा दगड पडवीत व्हता. ह्यांनी डाव्या हातानं हातोडी मारून बघितली. आत भेग असली तर दगड बद्द वाजतो. हा घंटेसारखा वाजला... मी ऐकला ना.

मग रोज सकाळी लुगड्याच्या चिंधीनं मी छिन्नी त्यांच्या उजव्या मुठीत बांधायची. हातोडी डाव्या हातात. घाव चुकला की बोटावर. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. हात गेलाच, आता बोटं पण जातील.

"अहो, पुरे करा."

"दुखतंय कुठं? दुखलं की सांगतो."

महिने गेले. मूर्ती उभी राहिली, पायाची बोटं तेवढी राहिली. मी चुलीशी व्हते. पडवीतनं हाक आली, "दुखलं गो."

धावले. चिंधी सुटून खाली पडलेली — आणि छिन्नी मुठीत. घट्ट. हे रडत व्हते की हसत, समजेना. माझी नजर मूर्तीवर गेली. राखणदाराच्या उजव्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत भेग. हे तर पायाशी काम करत व्हते.

गुरव बघून गेले. म्हणाले, "वहिनी, भंगलेली मूर्ती ठेवत नाय. समुद्रात सोडा."

ह्यांच्या उजव्या हातात चहाचा कप. म्हणाले, "मी भंगलो तेव्हा हिनं मला सोडला काय?"

गुरव हसले. मला हसू येईना. दगडासंगती ह्यांचा हात पण गेला तर...

ह्यांनी दुसरी मूर्ती केली, ती शिवेवर बसवली. ही पडवीत गोणपाटाखाली. जाऊ टोचते, "दगडाला जपत्येस, सासूला जपली नाय तशी." टोचू दे.

डॉक्टर म्हणतात, व्यायामानं हात सुधारला. असेल. पण घंटेसारखा वाजलेला दगड फुटला कसा, ते ह्यांना पण सांगता येत नाय, आणि ह्यांचा जन्म दगडात गेला.

सकाळी उठले की आधी गोणपाट उचलून भेगेवर बोट फिरवते. वाढली नाय ना, बघते. मग चहा टाकते. कप ह्यांच्या उजव्या हाताशी ठेवते, आणि हे उचलेपर्यंत तिथंच उभी राहते.