पाठ टेक

हळदीच्या पोत्याजवळून गेले की मला कुस्तीचा फड आठवतो, कारण फडाच्या मातीतही हळद, तेल आणि ताक कालवतात. आष्ट्याजवळच्या एका मैदानात माझा मुलगा लढत होता आणि मी बांधावर उभी होते. मागे दोन कुस्तीशौकिनांचा वाद चालला होता. "गड्या, पैलवानाचा नवा पिक्चर बघ, लय भारी हाय." "पिक्चरात नुसती गाणी. त्यापरास मी दिलेलं पुस्तक वाच की." "काय हाय त्यात?" "त्यातला पैलवान हार मानत न्हाई. पाठ लागू नये म्हणून डोक्यावर तोल धरतो, आन् मान मोडून मरतो." मी पुढे पाहिलं. माझा मुलगाही डोकं मातीत रोवून, कमान करून पडला होता आणि त्याच्या छातीवर दीडपट गडी होता. "पाठ टेक रं! हर, पण पाठ टेक!" मी ओरडले. "आवं मावशी, पोराला हरवाय आलाय व्हय?" मागचा म्हणाला आणि सगळे हसले. मुलाने पाठ टेकली. घरी येईपर्यंत तो मान चोळत राहिला. तू ओरडली नसतीस तर जिंकलो असतो, असं तो आजही म्हणतो. म्हणू दे. म्हणायला आहे तरी.