दिरहमचा जुना भाव

दादरला आमचं मनी चेंजरचं दुकान आहे. आमचं म्हणजे शेठचं. मी काचेच्या आत बसतो. नोटा येतात आणि जातात, किस्से मात्र माझ्याकडेच राहतात. बरेचसे माझ्याच फजितीचे आहेत, त्यामुळे दुसरं कोणी सांगण्याआधी आपणच सांगितलेले बरे!

त्यात मला एक खोड. रुपया-दिरहमचे जुने भाव मला तोंडपाठ. शेठच्या वडिलांपासूनच्या भावाच्या वह्या दुकानात पडून आहेत, त्या मी कादंबरीसारख्या वाचतो. बायको म्हणते, "ह्यांना लग्नाची तारीख आठवत नाही, पण त्या दिवशी दिरहम कितीला होता ते विचारा!"

*

नोकरीचा पहिला आठवडा. सकाळी बोर्डावर भाव लिहायचं काम माझ्याकडे आलं. खरेदीचा आणि विक्रीचा. मी मन लावून, सुवाच्य अक्षरात लिहिले. तासाभरात रांग कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत गेली.

शेठ आले तेव्हा मी छाती काढून सांगितलं, "शेठ, बघा, मी आल्यापासून धंदा कसा वाढलाय!"

शेठनी बोर्ड पाहिला. मी खरेदीचा भाव विक्रीच्या जागी लिहिला होता आणि विक्रीचा खरेदीच्या. म्हणजे लोक आमच्याकडून स्वस्तात दिरहम घेऊन, तेच महागात आम्हाला विकायला पुन्हा रांगेत उभे राहत होते!

शेठ शांतपणे म्हणाले, "मांजरेकर, धंदा अजून तासभर असाच वाढला ना, तर उद्यापासून आपण दोघं बाहेर वडे तळू."

*

गिरगावातलं एक जोडपं आलं. नवीन लग्न, दुबईला हनिमून. मुलीने विचारलं, "काका, दिरहम आज घेऊ की थांबू?"

नुसतं "घ्या" म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी त्यांना मागच्या वीस वर्षांचा इतिहास सांगितला आणि म्हणालो, "थांबा. उतरणार म्हणजे उतरणार!"

दिरहम चढला. ती दोघं चार दिवसांनी आली. मी म्हटलं, "आता तर थांबायलाच हवं." पुन्हा चढला. त्यात विमानाची तिकिटंही महागली आणि शेवटी ती माथेरानला गेली.

परवा तीच मुलगी रस्त्यात भेटली. सोबत चार वर्षांची लेक. माझ्याकडे बोट दाखवून लेकीला म्हणाली, "सोनू, नमस्कार कर. ह्या काकांमुळे आपण अजून दुबई बघितली नाही."

*

आमच्या सावंत मॅडम माझ्या शेजारच्या काउंटरला बसतात. त्यांची बहीण शारजाला नर्स आहे. मॅडम रोज विचारायच्या, "काय वाटतं मांजरेकर, तिने पैसे आज पाठवावेत की थांबावं?" ऑफिसात माझं मत विचारणारं हे एकच माणूस! मी खुलून सांगायचो.

गणपतीत मॅडमनी मला खजुराचा मोठा डबा दिला. "बहिणीने पाठवलाय. तुमच्या सल्ल्याने तिचा खूप फायदा झाला म्हणाली."

मी तो डबा घरी, शेजारीपाजारी, सगळीकडे मिरवला. मग शेठनीच सांगितलं, "अरे, तू 'पाठव' म्हणालास की ती थांबते. तू 'थांब' म्हणालास की पाठवते!"

खजूर मात्र उत्तम होते.

*

दादरच्या मासळी बाजारात बसणाऱ्या एक कोळीण मावशी लेकीकडे दुबईला निघाल्या होत्या. भाव ऐकून कडाडल्या, "मागच्या टायमाला सतराने दिलावतास!"

मी वह्या काढल्या. तेव्हा सतरा का होता, मग अठरा कसा झाला, वीसच्या पुढे कधी गेला, सगळं सांगितलं. मावशींनी निमूटपणे ऐकून घेतलं आणि चढ्या भावानेच दिरहम नेले. मला वाटलं, पटलं!

त्या परत आल्यावर एका रविवारी मी बाजारात गेलो. "मावशी, सुरमई कशी?"

मावशींनी सुरमई उचलून हातात धरली. "ऐक. आजीच्या टायमाला ही आठ आण्याला होती. मंग माझी आय बसायला लागली..."

दहा मिनिटं! मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली आणि मी पिशवी धरून उभा. घासाघीस करायची हिंमतच झाली नाही.

*

गेल्या महिन्यात भोईवाड्यातल्या परब काकी आल्या. पंचाहत्तरीच्या. पिशवीत जुन्या पत्रांचा गठ्ठा.

"जुने भाव सांगणारा तूच ना? आमचे हे दुबईला होते. दोन वर्षांपूर्वी वारले. भाव असा खेचून घ्यायचे ना! ते नातीला दाखवायचंय."

पत्र उघडलं. 'चारशे दिरहम पाठवतोय. पाचचा भाव मिळाला. दोन हजारांचा ड्राफ्ट पोचेल.'

मी त्या महिन्याची वही काढली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "काकी, चूक आहे! तेव्हा भाव चारचा होता. चारशेचे सोळाशेच होतात. दोन हजार पोचायला पाचशे दिरहम पाठवावे लागतील."

"दोन हजारच पोचायचे."

मी दुसरं पत्र तपासलं. तिसरं. "सगळीकडे तीच चूक!"

काकींनी पत्रं एकेक करून गठ्ठ्यात परत ठेवली. मग म्हणाल्या, "मी शपथ घातली होती त्यांना. चारशेच्या वर एक दिरहम पाठवायचा नाही. उरलेल्यात दोन वेळ नीट जेवायचं."

माझी ऐट कुठल्या कुठे गेली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"समोरच्या मालतीचा नवरा दुबईला ह्यांच्याच खोलीत होता," काकी म्हणाल्या. "तोही चारशेच पाठवायचा. तिला सोळाशेच यायचे. मी नळावर सगळ्यांदेखत तिला म्हटलं, तुझा नवरा मधले पैसे खातो."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "ह्या पानाची झेरॉक्स दे. मालतीला दाखवते. पस्तीस वर्षं बोलत नाही ती माझ्याशी."

मी झेरॉक्स काढून दिली. काकींनी ती परत माझ्यापुढे सरकवली.

"खाली ते पाचशेचं गणित लिही. आणि तुझी सही कर. माझ्या तोंडावर नाही विश्वास ठेवायची ती."