बाजारात ‘सदर इसम’ म्हणणारी बाई

त्या अक्कांची केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. खानदेशातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या या बाईने ठाण्यात अर्ज दिला होता, की शाळेचा तांदूळ मुलांच्या ताटात येत नाही, संस्थाचालक तो बाहेर विकतात. संस्थाचालक म्हणजे तिथले आमदार.

अर्जाचा तपास राहिला बाजूला. बाईने भर बाजारात ओरडून आपली अब्रू घेतली, अशी बदनामीची फिर्याद आमदारांनीच कोर्टात ठोकली. कोर्टाने चौकशी आमच्याकडे पाठवली. इकडे अक्कांना शाळेत पाय ठेवायचा नाही म्हणून सांगण्यात आलं. आरोप सिद्ध झाला असता तर हातचं काम कायमचं गेलं असतं, वर तुरुंग.

पोलिसांकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला कायद्याचं संरक्षण असतं, पण ते मर्यादित. तेच बोलणं चारचौघांत ओरडत सुटलात तर ते टिकणं अवघड. म्हणून तर आमदारांना बाजार हवा होता.

अक्कांना बोलावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मी बजारमा काहीच बोलनू नही. तुमना ठाणामाच सांगं."

फिर्यादीत साक्षीदार तीन. तिघांचं चहापाणी आमदारांच्या बंगल्यावर चालतं, अशी खबर बातमीदाराने दिली. मी तिघांना वेगवेगळं बसवलं. पहिला केळीच्या गाड्या भरून देणारा. बाई नेमकी काय ओरडली, तिच्याच शब्दांत सांग, म्हटलं. तो घडाघडा बोलला, "सदर इसम हा शालेय पोषण आहाराच्या तांदळाची परस्पर विल्हेवाट लावीत आहे."

दुसऱ्यानेही तेच म्हटलं, तिसऱ्यानेही तेच. पहिल्याला परत आत घेतला.

"इसम म्हणजे काय रे?"

तो म्हणाला, "शिवी असंल साहेब."

अहिराणीशिवाय तोंड न उघडणारी बाई बाजारात ‘सदर इसम’ ओरडते होय? ही भाषा आमची, पोलिसांची; वाक्य जसंच्या तसं अक्कांच्या अर्जातलं. अक्का सांगत गेल्या तसा आमच्या रायटर हवालदाराने तो अर्ज आपल्या सवयीने लिहिला होता. मी त्याला समोर उभा केला. मान खाली घालून म्हणाला, "आमदार साहेबांचा फोन आला होता. नक्कल पोचवली." गरीब बाई विश्वासाने पोलिसांकडे येते आणि पोलीसच तिला विकतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचा कसुरी अहवाल मी त्याच दिवशी वर पाठवला.

साक्षीदारांनी पाठांतर कबूल केलं. माझा अहवाल गेला, कोर्टाने फिर्याद फेटाळली. पण तोवर आमदारांनी विधानसभेत उभं राहून अक्कांना नावागावासकट तांदूळचोर म्हटलं होतं. सभागृहातल्या शब्दाला संपूर्ण संरक्षण आहे, त्यावर कोर्टात जाता येत नाही. लोकांचं गाऱ्हाणं निर्भयपणे मांडता यावं म्हणून ते दिलं आहे. ते एका स्वयंपाकिणीवर सूड उगवायला वापरणाऱ्याची मला आजही चीड येते. कायद्याचं संरक्षण कुणाला दिलंय इतकंच बघून भागत नाही, ते कुणाविरुद्ध वापरलं जातंय हेही बघावं लागतं, हे मी तिथे शिकलो.

निकाल सांगायला मी स्वतः गेलो. अक्कांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "मी ठाणामा खरं सांगं, तर माले कोर्ट. त्यास्नी तठे विधानसभामा खोटं सांगं, ते चालस का भाऊ?"

अंगावर वर्दी होती. खोटं बोलता येईना.

"चालतं, अक्का," मी म्हणालो.