धारवाले आप्पा

होडीत बसलेला माणूस पुढे बघतो. आमचे आप्पा मागे बघत. गोदावरीच्या पात्रात त्यांची लहानशी होडी निघाली की ते पैलतीराकडे पाठ करून बसत आणि मोटारीतून पडणाऱ्या, दाभणाएवढ्या बारीक पाण्याच्या धारेवर नजर रोवत. पुढच्या टोकाला मारुती भोई असे. तो "डावीकडं घ्या" म्हणाला की आप्पा मान न वळवता मोटारीची दांडी फिरवत.

आप्पा माझे चुलत सासरे. गावात किराणा दुकान, आणि माल आणायचा पैलतीरावरच्या बाजारातून. वल्ह्यांच्या नावेवर अवलंबून राहायला नको म्हणून त्यांनी हैदराबादच्या एका लिलावातून होडीच्या मागे लावायची मोटार आणली. निजामाच्या अमलात आमच्या बाजूला तसलं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. मोटार खालच्या जाळीतून नदीचं पाणी ओढून घेई, ते तापलेल्या इंजिनाभोवती फिरे आणि वरच्या नळीतून बाहेर पडे. धार थांबली की इंजिन तापलं आणि जाम झालंच म्हणून समजा. तेवढ्यावरून गाव त्यांना धारवाले आप्पा म्हणू लागलं.

काळजी हा त्यांचा स्वभावच होता. दुकानाला कुलूप लावून घरी येत आणि ते ओढून बघायला परत जात. आजाऱ्याला भेटायला गेले तरी विचारत, "धार हाय न्हवं?" लोक हसत. आप्पांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

होडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते शिकवत, आम्हा बायकांनाही. धार बंद पडली तर आधी मोटार बंद करायची. मग नळीत तार घालायची. तिथं काही न्हाई सापडलं तर मोटार उचलून जाळी बघायची, शेवाळ, चिंधी, गवत. तरीही धार न्हाई आली तर खालचा पंप खोलायचा. "गाळ लई वंगाळ," ते म्हणत. "आत पाणी वर सोडणारी एक गोळी हाय. वाळूचा कण बसला की ती अडकती." आम्ही माना डोलवायचो आणि विसरायचो.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना श्रावणात त्याच्या घशात गळू झालं. आधी जेवण थांबलं, मग पाणीही उतरेना. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. माझे यजमान माजलगावला गेले होते. डॉक्टर होते ते पैलतीरावर, आणि नदीला दोन दिवसांचं गढूळ पाणी चढलेलं. नाववाल्यांनी सरळ नाही म्हटलं. आप्पाही नाही म्हणतील असंच मला वाटलं होतं. त्यांनी पोराच्या तोंडाजवळ कान नेला, तसाच धरला आणि म्हणाले, "चल सूनबाई. मारुतीला हाक मार."

मध्यावर पोहोचलो तेव्हा धार बारीक झाली, ठिबकू लागली आणि थांबली.

आप्पांनी मोटार बंद केली. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत मुलाचा श्वास फार मोठ्यानं ऐकू येऊ लागला. होडी प्रवाहात आडवी होऊन वाहू लागली. मारुती वल्ही मारत होता, पण होडीचं तोंड सरळ ठेवण्यापलीकडे त्याचं काही चालत नव्हतं. खाली वळणावर खडक होते. ते आम्हा तिघांनाही माहीत होते.

नळीत तार घातली, ती साफ निघाली. मोटार उचलली, जाळीला गवताचा पुंजका गुंडाळलेला होता. तो उपटून आप्पांनी दोरी ओढली. मोटार लागली, धार आली नाही. पुन्हा बंद. आता ते पाण्यावर ओणवे होऊन पंपाचे स्क्रू काढू लागले. काढलेले स्क्रू दातांत धरत होते.

"आप्पा, सोडा आता," मारुती म्हणाला. "खडक आले."

"थांब जरा. गोळी सुटली की झालं," आप्पा स्क्रू दातांत धरूनच म्हणाले.

मी म्हणाले, "आप्पा, ह्याचे ओठ निळे पडलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पंप तसाच लावला आणि कोरडीच मोटार सुरू केली. डावा तळवा त्यांनी इंजिनावर ठेवला. सोसेनासं झालं की बंद करत, मारुती वल्ही मारी, पुन्हा सुरू. खडक उजव्या हाताला जवळून गेले. काठ आला तेव्हा मोटारीनं एक करकर आवाज केला आणि ती कायमची थांबली. आम्ही नेहमीच्या उतरायच्या जागेपासून बरेच खाली लागलो होतो. चिखलातून मला पुढे घालून आप्पा मागून पळत होते.

डॉक्टरांनी गळू फोडलं. मुलगा रडला. त्या रडण्यानं आप्पा ओट्यावर मटकन बसले. तेव्हा मी त्यांचा तळवा पाहिला. सगळी कातडी सोलून निघाली होती.

मोटार पुन्हा चालली नाही. गावानं आप्पांचं कौतुक केलं, मोटारीवर पाणी सोडून पोर वाचवलं म्हणून. असं कुणी म्हणालं की आप्पा उठून आत जात. मला ते लाजणं वाटायचं.

त्यांच्या शेवटच्या आजारात एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "मी पंप कशाला खोलला गं तवा? जाळी साफ करूनबी धार आली न्हाई, तवाच तशीच हाकायची व्हती. मोटार जाईल म्हून थांबलो. पोराचा दम तिकडं चाललेला, आन् मी मोटार वाचवत बसलो."

इतकी वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पेज मी बाजूला ठेवली. त्या दिवशी होडीत मलाही ते दिसलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आप्पा, तो शेतातून येतोय जेवायला. इथंच वाढते त्याचं पान."

मुलगा आला, खाटेजवळ बसला. भाकरी, पिठलं, कांदा. तरण्या माणसाचं जेवण, घाईचं. आप्पा एका कुशीवर होऊन त्याच्या गळ्याकडे बघत राहिले, प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत. वरून तो तांब्याभर पाणी प्यायला. मग आप्पांनी डोळे मिटले आणि मला म्हणाले, "आण ती पेज."

पोळ्याच्या आधी ते गेले.