परक्या शिवेतलं गाऱ्हाणं

जेनोवा हे शहर चालणाऱ्याची परीक्षा घेतं. समुद्र खाली, माणसं वर आणि मध्ये सगळ्या पाखाड्या. आमच्याकडे पाखाडी म्हणजे डोंगरउतारावरची दगडी पायऱ्यांची वाट. इटलीतलं हे अख्खं शहरच तसं. लेक म्हणाली, "बाबांनू, दमलास काय?" मी म्हटलं, "दमाक काय झाला?" आणि भिंतीला टेकून बुटाची नाडी नीट करत बसलो. नाडी नीटच होती.

गेल्या वर्षी काजूचा हंगाम अर्ध्यावर टाकून मी तिच्याकडे गेलो होतो. ती तिथे जहाजांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत आहे. बायकोचे गुडघे इतका वेळ विमानात बसण्याजोगे नाहीत, म्हणून मी एकटाच. निघताना तिने सोलं, तिरफळं, कुळथाचं पीठ बांधून दिलं आणि वर एक काम दिलं. "नुसता तिका बघान येव नकात. परत कधी येतली, ता विचारून येवा." लेकीचा करार संपत आला होता. कंपनी तिला कायम ठेवून घ्यायला तयार होती, आणि काय उत्तर द्यायचं ते ती ठरवत होती. फोनवर विचारलं की 'बघूया' म्हणायची. त्या 'बघूया'ने तिच्या आईची झोप उडवली होती. माझीही उडाली होती, पण मी घोरण्याचं सोंग चांगलं करतो.

त्या शनिवारी तिला सुट्टी होती. म्हणाली, आज कुठे पोचायचंच नाही, नुसतं हिंडायचं. मला ते बरंच झालं. चालता चालता विचारू, असं मी मनात योजलं. चालताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, त्यामुळे अवघड गोष्टी विचारता येतात.

सकाळी कॉफी प्यायलो, उभ्याउभ्याच, भातुकलीतल्या कपातून. एक घोट घेतला आणि संपली. मी रिकाम्या कपात बघत राहिलो तर ती खो खो हसली. तेव्हा विचारणार होतो, पण इतकं हसणाऱ्या पोरीला कशाला विचारा, म्हणून राहिलं. मग बंदराजवळ मासळीचं दुकान लागलं. बर्फावर आपल्या पेडव्यांसारखी चकचकीत मासळी मांडलेली. ताजी आहे का ते बघायला मी सवयीने एकीचा कल्ला उघडायला हात पुढे केला, तर तिने तो वरच्यावर धरला. "हयसर हात लावूचो नसता." मासळीला हात न लावता दुकानावरून पुढे जाणं माझ्या जातीला शोभणारं नव्हतं, पण गेलो. तिने हात मात्र नंतरही बराच वेळ सोडला नाही. लहान होती तेव्हा आठवड्याच्या बाजारात मी तिचा असाच धरून ठेवायचो. त्या दुकानापुढेही विचारलं नाही. विचारलं आणि तिने हात सोडला तर, असं वाटलं.

दुपारी जुन्या गल्ल्यांत शिरलो. घरं इतकी उंच आणि इतकी जवळ की ऊन खाली पोचतच नाही. वरच्या एका खिडकीतून कुणा बाईने लेकीला नावाने हाक मारली. हिने मान वर करून त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, हात नाचवत, भरभर. दोघी हसल्या. मला एक अक्षर कळलं नाही. इथेही कुणाला तरी ती हवी होती, एवढं मात्र कळलं. ती हाताच्या अंतरावर उभी होती आणि मला तिची आठवण येत होती.

पुढच्या कोपऱ्यावर डोक्याच्या वर, भिंतीत एक कोनाडा होता. आत मेरीची मूर्ती, कडेवर बाळ, एक लहानसा दिवा आणि कागदी फुलं. लेक म्हणाली, इथे पुष्कळ कोपऱ्यांवर अशा आहेत. मला ओळख पटली. आमच्याकडे देवालाही हद्द असते. गावच्या देवाची सत्ता शिवेपर्यंत. त्यापुढे गेलं की तिथल्या राखणदाराला सांगायचं, आमचं माणूस तुमच्याकडे आलंय, लक्ष ठेवा. लेक इथे इतकी वर्षं राहतेय आणि इथल्या राखणदाराला तिच्याबद्दल कुणी सांगितलेलंच नाही. मी बूट काढले.

गाऱ्हाणं घालायचा मान गावात आमच्या घराकडे आहे. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने, चारचौघांदेखत बोलणं. एकाने बोलायचं आणि मागे उभ्या असलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ती साथ आली नाही तर वाक्य देवापर्यंत पोचत नाही, असं आम्ही मानतो. इथे मागे लेक एकटीच होती.

"बाय गे," मी सुरुवात केली, "तू ह्या जाग्याची राखणदारीण. आमचा चेडू तुझ्या शिवेत ऱ्हवता."

"व्हय म्हाराजा."

"तेका दुखणा-खुपणा येव देव नको. हातच्या कामाक येश दी."

"व्हय म्हाराजा." आवाज खणखणीत होता. कुत्र्याला फिरवायला निघालेली एक म्हातारी थांबून बघू लागली.

मुंबईला, आखातात जाणाऱ्या कितीतरी पोरांसाठी मी गाऱ्हाणं घातलंय. जिभेला सगळं पाठ. ती आपली पुढे गेलीच. "आणि गेलेला लेकरू सुखरूप परत घराक हाड."

मागून काहीच आलं नाही.

एक स्कूटर गल्लीतून जात होती. वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. स्कूटर गेली, तरी काही नाही. मला वळून बघवेना. त्या 'परत आण'ला माझ्या समाधानासाठी तिला 'व्हय' म्हणता आलं असतं. पण देवापुढे खोटी साथ द्यायची नसते, हे तिला लहानपणी मीच शिकवलेलं.

गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकून चालत नाही. मी घसा खाकरला. "चुकला-माकला पदरात घे, बाये. ता जंय आसा, थंय तेका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. या वेळी तिला ते नीट म्हणता आलं नाही.

मग एका पायरीवर बसून आम्ही तेल माखलेला खारा पाव खाल्ला. ती तिच्या कामाबद्दल बोलत राहिली. मी ऐकत राहिलो. विचारायचं आता काही उरलं नव्हतं.

ती पाणी आणायला समोरच्या दुकानात गेली तेव्हा मी घरी फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली असावी.

"विचारलास?" बायको म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. परत हाड म्हटल्यावर लेक गप्प राहिली, तेही. पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"मगे?"

"मगे म्हटलंय, जंय आसा थंय सुखी ठेव."

ती माझ्या प्रत्येक गाऱ्हाण्याला मागे उभी राहिलेली बाई. या वाक्याला तीही गप्प राहील असं मला वाटलं, आणि राहिली असती तर मी तिला बोल लावला नसता. मग अगदी हळू, पंख्याच्या आवाजातून, ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."