हॉलमधली सागवानी जमीन

ठाण्यातला जुना फ्लॅट आम्ही घेतला तेव्हा हॉलभर तपकिरी प्लास्टिकचं शीट अंथरलेलं होतं. बाल्कनीच्या दाराजवळ ते चांगलंच फुगलं होतं. "खालचं सगळं उखडलंय, टाइल्स घालून घ्या," असं आधीच्या मालकांनीच सांगितलेलं. राहायला जाण्याआधी साफसफाईला मी एकटी गेले आणि त्या शीटचा एक कोपरा ओढून पाहिला. तो फरकन वर आला. खाली लाकूड होतं. हाताच्या पंजापेक्षा थोड्या लांब अशा लाकडी पट्ट्या, एकीला एक तिरक्या लावलेल्या, माशाच्या काट्यासारख्या. ओल्या फडक्याने एक पट्टी पुसली तर मळाखालून लालसर, मधासारखा रंग आला. मी केर काढायचा सोडून अख्खं शीट काढत बसले. तीन तासांनी नवरा आला तेव्हा माझे हात काळे झाले होते.

"सागवान आहे रे," एवढंच मी म्हणाले.

त्याने दाराजवळचा फुगवटा पायाने दाबून पाहिला. पट्ट्या खडखडल्या. "अगं, हे सगळं सुटलंय. दोन दिवसांत टाइल्स होतील."

मी तीन ठेकेदारांना दाखवलं. तिघेही टाइल्सचंच बोलले. त्यातला एक तर वर न बघताच म्हणाला, "मॅडम, एवढं कोण करत बसतं?" मला रडू यायचंच बाकी होतं.

आमच्या नेहमीच्या कोळणीला हे सगळं मी सुरमई साफ करून घेताना सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "माझा भाऊ खाडीवर होड्या दुरुस्त करतो. लाकडाला घाबरनारा नाय तो. पाठवू?"

रविवारी सकाळी ते होडीवाले काका आले. साठीचे, किडकिडीत, खांद्याला अवजारांची पिशवी. त्यांनी घर बघितलं नाही, चहाही नको म्हणाले. उकिडवे बसले, एक सुटी पट्टी उचलून तिचा वास घेतला, मग बोटांच्या पेरांनी जमीन वाजवत वाजवत भिंतीपर्यंत गेले. बाल्कनीच्या दाराशी बराच वेळ वाकून राहिले.

"लाकूड चांगलं हाय ताई," शेवटी म्हणाले. "त्याला फुगायला जागाच नाय ठेवलेली."

"म्हणजे?"

"हितं बघा. दाराला नवीन उंबरा बसवला तवा सिमेंट पार लाकडाला भिडवलं. पावसाल्यात लाकूड फुगतं. बाजूला सरकता येत नाय, मग वर उठतं. होडीची फली बसवताना आमाला आधी हीच गोष्ट बघावी लागते. आनि वरून हे प्लास्टिक. ओल निघनार कुठून?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कधी उकिडवा बसला ते मला कळलंच नव्हतं. तो काकांच्या शेजारी बसून सिमेंटवर नख मारून बघत होता.

काकांनी पटाशीने भिंतीलगतचं सिमेंट फोडून बोटभर रुंदीची फट मोकळी केली. सुटलेल्या पट्ट्या काढायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा घालायचा, खालचं जुनं डांबर खरवडायचं आणि कोरड्या खोलीत उभी करून ठेवायची. त्रेचाळीस पट्ट्या निघाल्या. आठवडाभर मी कामावरून धावत घरी यायचे आणि साडी बदलून थेट खरवडायला बसायचे. इतक्या उत्साहाने मी शेवटचं काय केलेलं, मला आठवेना.

नऊ पट्ट्या मात्र कुजल्या होत्या. "जुनं सागवान पायजे," काका म्हणाले. "नवीन घातलं तर ते आक्रसेल."

डोंबिवलीला आईच्या माळ्यावर तिच्या लग्नातला सागवानी पलंग सुटा करून ठेवलेला होता. मी चाचरत फोन केला. म्हटलं, तिला वाईट वाटेल.

"ने बाई," आई म्हणाली, "माळा तरी मोकळा होईल." मग फोन ठेवता ठेवता, "पण मला बघायला ने. कुठे लावताय ते."

तिला आणि पलंगाच्या फळ्यांना आम्ही एकाच फेरीत गाडीतून आणलं. ती खुर्चीवर बसून राहिली आणि काकांनी तिच्या देखत नऊ पट्ट्या कापल्या. पहिली पट्टी बसेना. काकांनी ती रंध्याने कणभर तासली, पुन्हा ठेवली आणि अंगठ्याने दाबली. ती आवाज न करता आत गेली. आईने टाळी वाजवली. काका पहिल्यांदाच हसले.

गोंद लावून सगळ्या पट्ट्या बसवल्यावर त्यांच्यावर फळ्या आणि फळ्यांवर तांदळाचे डबे, पाटा, नवऱ्याचे डंबेल्स असं वजन दोन दिवस ठेवलं. नंतर घासायचं मशीन भाड्याने आणलं. ते नवऱ्याने हातात घेतलं आणि मला काही केल्या दिलं नाही. त्याच्या भुवयांवर सुद्धा भुसा बसला होता. तोच बारीक भुसा गोंदात कालवून काकांनी फटी बुजवल्या, भिंतीलगतची सोडून. ती नुसत्या लाकडी पट्टीने झाकली. शेवटी आम्ही तिघांनी गुडघ्यांवर रांगत अळशीचं तेल चोळलं. तेल लागेल तसतसा एकेका पट्टीचा रंग खुलत गेला, कुठे गूळ, कुठे दालचिनी. पलंगाच्या नऊ पट्ट्या जरा गडद दिसतात. मला त्या तशाच हव्या होत्या.

पावसाळा लागला आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. रोज बाल्कनीच्या दाराशी हात फिरवून बघायचे. जुलैत मी भिंतीलगतची झाकणपट्टी काढली. बोटभर फट फुगलेल्या लाकडाने निम्मी भरली होती, आणि जमीन सपाट होती. मी तिथेच बसून काकांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. मागे कुणीतरी हाका मारत होतं. "ओला फडका मारू नका ताई, नुसतं झाडून घ्या. आनि आता ठेवतो, भरती येतेय, होडी वर घ्यायचीय."